कॅटलिनाच्या पाण्यावर ताईचं डोहाळजेवण

ताईचं डोहाळजेवण नावेत करायचं ठरलं, कारण आई सहज बोलून गेली आणि शिरीषदादाने ते मनावर घेतलं.

२००५ चा जुलै. मी लॉस एंजेलिसजवळ आर्टिशियाला एका देशी हॉटेलात तंदूरवर होतो आणि चार दिवसांची सुट्टी काढून सांता क्लाराला ताईकडे आलो होतो. आई कऱ्हाडहून आलेली. ताईला पाचवा महिना. याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना संपायच्या आत सगळं संपलं होतं, म्हणून या वेळी घरात कुणी शिंकलं तरी आई त्याच्याकडे बघायची. बाळ डिसेंबरात येणार आणि आईचे व्हिसाचे सहा महिने सप्टेंबरात संपणार. सातव्याची वाट बघायला आईकडे वेळ नव्हता.

"आमच्याकडे हर्णैला होडी सजवून, तिच्यात बसवून डोहाळजेवण करायचे," आई म्हणाली. तिचं माहेर समुद्रकाठचं, लग्न होऊन ती घाटावर आली. "इथे काय, सोफ्यावर बसवू."

शिरीषदादा समोर पावभाजी खात होता. हा दाजींच्या ऑफिसातला, मूळ नागपूरचा. दोन वर्षं शनिवार-रविवार शिडाची बोट शिकून त्याने परीक्षा पास केली होती, पण त्याच्या बोटीवर बसायला बायको, मीनलवहिनी, सोडून कुणी तयार नसायचं.

"सोफ्यावर काऊन, काकू? नाव मी आणतो. तुम्ही जेवण आणा."

सगळे हसले. पण त्याने रात्रीच बोटींच्या साइट उघडल्या. ताईने डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, हवा बघून जा, पाणी पीत राहा. असं ठरलं लाँग बीचसमोरच्या समुद्रातलं कॅटलिना बेट. ऑगस्टात राखीपौर्णिमा शुक्रवारी येत होती आणि आईच्या माहेरी तीच नारळीपौर्णिमा. तिने कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, "मग नारळ दोन घ्या. एक समुद्राला, एक ओटीला."

आता माझं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. मग मुंबईत हॉटेलात भांडी, मग पोळ्या, मग एका मोठ्या जहाजाच्या किचनमध्ये. तिथे दोन वर्षं काढली. समुद्र भिंतीपलीकडे होता, पण किचनला खिडकी नव्हती. एका जागी मला फार दिवस राहवत नाही. माझी निळी बॅग कायम अर्धी भरलेली असते. त्या वेळीही एक गोष्ट मी फक्त दाजींना सांगितली होती: अलास्कात एका हॉटेलच्या किचनमध्ये काम मिळत होतं, सप्टेंबरपासून. मी हो म्हणालो होतो. आई जाणार, दाजी महिन्यातले पंधरा दिवस कंपनीच्या कामाने बाहेर, आणि ताईला डिसेंबरात माहेरचं माणूस म्हणून जवळ कुणी नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. ताईने थांब म्हटलं नव्हतं. पण मी जातोय हे तिला माहीतच नव्हतं, तर ती म्हणणार कशी.

जाणाऱ्यांसाठी रस्त्याची माहिती. सांता क्लाराहून हायवे पाच धरला तर लाँग बीच सहा तास, गर्भार बाई बरोबर असेल तर आठ धरा. मध्ये गायींचा प्रचंड मोठा गोठा लागतो, त्याच्या आधीच काचा वर करा. त्यांनी नाही केल्या. गुरुवारी संध्याकाळी मंडळी आर्टिशियाला पोचली तेव्हा गाडीला अजून तो वास होता. आमच्याच गल्लीत देशी दुकानं आहेत, तिथून नारळ, खण, सुपाऱ्या, शेवंतीची फुलं घेतली. आईने प्रत्येक नारळ कानाशी धरून हलवला, दुकानदार कंटाळेपर्यंत.

दुसरी सूचना: बोटीवर कडक सुटकेस नेऊ नका, ठेवायला जागाच नसते. दाजींची सुटकेस धक्क्यावरून परत गाडीत गेली आणि त्यांचे तीन दिवसांचे कपडे माझ्या निळ्या बॅगेत आले. ताई म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा ही बॅग कामाला आली."

बोट शिडाची होती, पण इंजिनही होतं. भाडं दोन घरांनी वाटून घेतलं. एका चांगल्या हॉटेलातल्या तीन रात्रींपेक्षा जास्त नाही पडलं, स्वयंपाक आपला असेल तर. सकाळी निघालो. बंदरातल्या डोंगराएवढ्या मालवाहू जहाजांच्या मधून बाहेर पडलो आणि लाटा सुरू झाल्या. शिरीषदादाने सगळ्यांना लाइफ जॅकेट घातली, ताईचं बांधायला पट्टा पुरेना.

अर्ध्या वाटेवर डॉल्फिन आले. शिरीषदादाची सात वर्षांची इरा ओरडत पुढे धावली, मीनलवहिनी तिच्या मागे. दाजींना ते बघता आले नाहीत. ते बोटीच्या कडेला वाकले होते आणि ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत त्यांना आवळासुपारी देत होती.

"सहावा महिना हिला," आई म्हणाली, "आणि ओकाऱ्या जावईबापूंना."

"आई, समुद्राकडे बघा ना तुम्ही," दाजी तसेच वाकून म्हणाले.

दुपारी बेटावरच्या टू हार्बर्सला पोचलो. ऑगस्टमध्ये शुक्रवारी दुपारच्या आत पोचलात तर बोट बांधायला जागा मिळते, नंतर आलेल्यांना आम्ही परत फिरताना बघितलं. बंदरातला माणूस छोट्या बोटीतून येतो, जागा दाखवतो, होडीच्या लांबीप्रमाणे पैसे घेतो. पाणी इतकं स्वच्छ, की खाली पोहणारे केशरी मासे वरून मोजता येतील. डोंगर मात्र उघडे, पिवळे. उन्हाळ्यातला कऱ्हाडचा सदाशिवगड दिसतो तसे. आमच्या शेजारी एक जुनी लाकडी बोट होती, तिच्यावर एक म्हातारी गोरी बाई आणि तिचा काळा कुत्रा. बाईचं नाव बेट्टी, कुत्र्याचं नाव कॅप्टन, हे नंतर कळलं.

ताईने राखी बांधली. किती वर्षांनी, हा विषय दोघांनीही काढला नाही. मग आई उठली. नारळाला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं, पदर डोक्यावरून घेतला आणि कठड्याशी उभी राहून काहीतरी पुटपुटली. काय ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ताई पोटावर हात ठेवून बघत होती. आईने नारळ पाण्यात सोडला.

तो नीट तरंगत निघाला. आणि धपकन आवाज झाला. कॅप्टनने उडी मारली होती. तो पोहत गेला, नारळाची शेंडी दातात धरली आणि सरळ आमच्या शिडीशी येऊन थांबला. त्याच्या मागे छोट्या रबरी होडीतून वल्हवत बेट्टी.

"तुमचं काहीतरी पडलं वाटतं," ती इंग्रजीत म्हणाली. शेपटीसकट कुत्रा आनंदात.

शिरीषदादाने तिला थँक यू म्हटलं आणि नारळ घेतला. आईचा चेहरा बघून तो म्हणाला, "काकू, त्याला काय समजतं. मी लांब टाकतो." त्याने क्रिकेटसारखा हात फिरवून लांब टाकला. कॅप्टनला तेच हवं होतं. या वेळी तो आणखी लवकर आला.

इरा टाळ्या वाजवत होती. "आजी, ही लव्ह्ज युवर कोकोनट!"

"राहू दे आता," आई म्हणाली. "तिसऱ्यांदा नको." नारळ घेऊन ती खाली गेली. समुद्राला दिलेला नारळ परत आला, तोही या वर्षी, या मागण्यासाठी. शिरीषदादा कुत्र्यांच्या सवयीविषयी काहीतरी सांगू लागला, पण मीनलवहिनीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

थोड्या वेळाने खालून आईची हाक आली. ओटीसाठीचा दुसरा नारळ तिच्या हातात होता. दुकानात वाजत होता, पण आतून आधीच नासलेला असणार; शेंडी बाजूला केली तर डोळ्याला ओल सुटून बुरशी दिसत होती.

"हाही गेला," एवढंच ती म्हणाली. आई मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हातारी दिसली.

शनिवारी बेटाच्या पश्चिम टोकाला वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. या बाजूला वस्ती नाही. उंच कडे, त्यांच्यावर आपटणारं पाणी आणि एका उतारावर चक्क रानरेडे, आपल्या गव्यासारखे. इथे लाटा मोठ्या होत्या. ताई वर मधल्या बाकावर उशीला टेकून आडवी झाली होती, मी खाली गॅसवर तांदूळ धरून उभा होतो. बोटीची शेगडी लाटेबरोबर झुलते, त्यामुळे भात सांडत नाही, आपणच सांडतो.

इरा पायरीवर येऊन बसली. "मामा, विल यू सी पोलर बेअर्स इन अलास्का?"

मी गॅस बारीक केला. दाजींनी शिरीषदादाला सांगितलं असणार आणि घरात कुणीतरी बोलताना हिने ऐकलं असणार. वरून ताईचा आवाज आला, "कोण चाललंय अलास्काला?"

"मामा," इरा म्हणाली. "डॅड सेड."

मी चमचा हातात घेऊनच वर गेलो. ताई उठून बसली होती. दाजी समुद्राकडे बघायला लागले, आता त्यांना तो बरोबर दिसत होता.

"कधी?" ताईने विचारलं.

"सप्टेंबर."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "थंडी असेल ना रे तिथे? स्वेटर आहे का तुझ्याकडे?"

ती भांडेल याची माझी तयारी होती. स्वेटरची नव्हती.

दुपारी कॅट हार्बरमध्ये शिरलो. शांत, तळ्यासारखी खाडी. गंमत अशी की काल जिथे मुक्काम होता ते बंदर इथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. बेटाची कंबर तिथे इतकी बारीक आहे, म्हणूनच गावाचं नाव टू हार्बर्स. आम्ही दिवसभर समुद्रातून जे आलो ते कुत्रं चालत येऊ शकतं. आलंही. आईनेच बोलावून घेतलं.

"त्या बाईला बोलाव," ती मला म्हणाली. "कुत्र्यालाही."

"आई, कशाला?"

"तू जा म्हटलं की जा."

मी आमच्या रबरी होडीतून काठावर गेलो आणि चालत पलीकडे जाऊन माझ्या तुटक इंग्रजीत बेट्टीला सांगितलं, माझ्या बहिणीला बाळ होणार आहे, आमच्यात जेवण असतं, आईने बोलावलंय. तिने विचारलं, "त्या नारळाचं काय होतं ते?" मी सांगितलं. ती तिथेच थांबली. "देवाला वाहिलेलं परत आणलं त्याने?" तिने कॅप्टनकडे असं बघितलं, की त्याने कान पाडले. मग आत जाऊन स्वच्छ शर्ट घालून आली.

ताईला हिरवी साडी नेसवली होती, टीशर्टवरूनच. शेवंतीच्या वेण्या दोरखंडाला बांधल्या होत्या. मीनलवहिनीने ओवाळलं, औक्षणाचा दिवा वाऱ्याने तीनदा विझला. मी पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, अळूवड्या केल्या होत्या. अळूवड्या घरून वाफवून आणल्या होत्या, इथे फक्त तळल्या. बेट्टीने सगळं खाल्लं, आमटीला सूप म्हणाली आणि दोनदा घेतली. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला, ही बोट त्याची, दर ऑगस्टला ती एकटी घेऊन येते, असं तिने जेवताना सांगितलं.

मग ओटी. आईने खण, तांदूळ, सुपारी, हळकुंड काढलं. आणि तो परत आलेला नारळ काढला. धुऊन, पुसून, नवं कुंकू लावून. शेंडीवर कॅप्टनच्या दातांच्या खुणा होत्या.

"काकू, हा?" मीनलवहिनी म्हणाली.

"ओटीला नारळ नव्हता," आई म्हणाली. "काल रात्रभर विचार केला. कुजका आपल्याकडे होता आणि चांगला आपण समुद्राला दिला होता. त्याने चांगला परत पाठवला. आता ज्यांनी आणला त्यांनीच द्यावा."

तिने नारळ बेट्टीच्या हातात ठेवला. मीनलवहिनी दाजींकडे बघून अगदी हळू म्हणाली, "पण त्यांचे मिस्टर..." आईने ते ऐकलं. "चालेल," ती म्हणाली. बेट्टीला काही कळलं नाही, पण तिने दोन्ही हातांनी नारळ ताईच्या पदरात ठेवला, लहान मूल ठेवावं तसा, आणि हात तिथेच राहू दिला.

बोट हलली. एका हाताने पदर सावरत ताईने दुसऱ्याने कठडा पकडला.

"संत्या, धर जरा," ती म्हणाली. मी पुढे होऊन पदराखाली हात धरला. नारळ, तांदूळ, सगळ्याचं ओझं माझ्या हातात आलं. ती नीट बसली तरी मी हात काढला नाही, आणि तिने काढ म्हटलं नाही. कॅप्टन आशेने नारळाकडे बघत होता. आईने त्याला अख्खी पुरणपोळी दिली, तुपासकट.

रविवारी बेटावरच्याच ॲव्हलॉनला आइस्क्रीम खाऊन परत निघालो. त्या गावात सगळं महाग, पाण्याच्या बाटल्या आधीच भरून घ्या. वाटेत समुद्र गुळगुळीत होता. ताई निळ्या बॅगेवर डोकं ठेवून पडली होती, मी शेजारी.

"मी अलास्कावाल्यांना नाही कळवतो," मी म्हणालो.

"माझ्यासाठी नको."

"तुझ्यासाठी कुठे. स्वेटर नाही माझ्याकडे."

ती हसली नाही. डोळे मिटून तिने माझा राखीचा हात चाचपडून धरला आणि लाँग बीच दिसेपर्यंत झोपली.

हे मी सांता क्लारात बसून लिहितोय. इथे जवळच एका हॉटेलात काम मिळालं, तंदूर जुना आहे पण तापतो बरा. आईला विमानात बसवून आलो त्या दिवशी तो नारळ फोडला. आतून गोड निघाला. नारळीभात केला, ताईने दोनदा घेतला, बेट्टीला फोटो पाठवला.

मला अजूनही मधेच वाटतं, निघावं. परवा वाटलं तसं, म्हणून पलंगाखालची बॅग ओढली. जड लागली. चेन उघडली तर आत आईने शिवलेली दुपटी, दोन टोपडी, ताईचा गाऊन, दाजींच्या फोनचा चार्जर.

"हॉस्पिटलला न्यायची बॅग भरून ठेवायला सांगितलंय डॉक्टरांनी," दारातून ताई म्हणाली. "तुझीच घेतली. तुझी कायम तयार असते ना."

मी चेन लावली आणि बॅग दाराजवळ नेऊन ठेवली.