अंजिरांच्या पुडीचा कागद

कालपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या इकरामला तर नाहीच.

हैदराबादच्या कोर्टांत मी चाळीस वर्षं वकिली केली. कबुलीजबाब पुष्कळ पाहिले. माणूस आधी हवापाण्याचं बोलतो, मग घरच्यांचं, आणि मुद्दा जवळ आला की पाणी मागतो. मी चिडायचो — अरे, बोल ना एकदाचं! आता माझी पाळी आली तर बघा, मीही तेच करतोय.

तर इकराम. काचीगुड्यात आमच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. त्याचे अब्बा सरकारी दफ्तरात कारकून होते. त्यांच्या बैठकीत एक चित्र टांगलेलं असायचं — लाल भिंतींचा महाल, मागे बर्फाचे डोंगर. स्पेनमधल्या ग्रानाडाचा अलहंब्रा. लहानपणी त्या चित्राखाली बसून मी इकरामच्या अम्मीच्या हातची खट्टी दाल किती वेळा खाल्ली असेन! ग्रानाडाचं वेड मला त्या घरातून लागलं. हे लक्षात ठेवा.

पुढे आम्ही दोघेही संस्थानाच्या वजिफ्यावर लंडनला गेलो. तो इंजिनियरीला, मी कायद्याला. आमच्या वसतिगृहाच्या भटारखान्यात बशा धुणारा एक स्पॅनिश माणूस होता. त्याच्याकडून मी वाचण्याबोलण्यापुरतं स्पॅनिश शिकलो, केवळ ग्रानाडासाठी. इकरामला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

आम्ही लंडनहून ग्रानाडाला निघालो तेव्हा देश स्वतंत्र होऊन वर्ष झालं होतं, पण आमचं संस्थान अजून बाहेरच होतं. घरची पत्रं धड येत नव्हती. इकराम म्हणत होता, आत्ता नक्को, पुढच्या साली जाऊ. मी त्याला ओढत नेलं. तिसऱ्या वर्गाची लाकडी बाकं, पाव आणि ऑलिव्ह, आणि ग्रानाडाला एका विधवा बाईच्या घरी छपराखालची खोली. पलंग एकच. एकाचं डोकं जिकडे, तिकडे दुसऱ्याचे पाय. पण खिडकी उघडली की समोर टेकडीवर तेच चित्र, खरंखुरं! मी वेडा व्हायचा बाकी होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईने आम्हांला अंजिरं दिली, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून. पुडी इकरामने सोडली. आणि ओरडलाच —

"दत्तू, देख! अपना हैदराबाद! क्या लिक्खे सो पढ़ तो!"

नाव त्याला वाचता आलं होतं. पुढचं येत नव्हतं.

मी कागद घेतला. सगळं वाचलं. चार ओळी तर होत्या — दोन वेळा वाचल्या. आणि मान वर करून म्हणालो, "क्या बी नइं रे. वहीच, निज़ाम के हीरे-जवाहिर की बकवास."

त्याला पटलं. का पटू नये? परदेशी वर्तमानपत्रांत आमच्या शहराचं नाव यायचं ते नेहमी त्या हिऱ्यांसाठीच. तो हसला, अंजीर तोंडात टाकलं. मी कागदाचा बोळा करून खिशात घातला.

का केलं असं? मला चार दिवस हवे होते. बातमी कळली असती तर इकराम त्याच संध्याकाळी लंडनच्या वाटेला लागला असता आणि मला बरोबर जावं लागलं असतं. समोर अलहंब्रा, आणि मी तो खिडकीतून बघून परत जाऊ? एवढंच होतं. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आणखी एक. बातमी वाचून मला आनंद झाला होता, खूप झाला होता. वर्षभर माझे वडील दाराला दोन-दोन अडसर लावून झोपत होते. त्या आनंदाची लाज मला तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही. पण ज्याच्या उशाशी माझे पाय होते, त्याच्या जिवाला घोर लागेल अशी बातमी खिशात ठेवून मी गाढ झोपलो — त्याची वाटते.

चार दिवस आम्ही खूप भटकलो. अलहंब्रात एका म्हाताऱ्या वाटाड्याने तिथल्या शेवटच्या सुलतानाची गोष्ट सांगितली. शहराच्या किल्ल्या देऊन तो निघाला आणि खिंडीतून मागे वळून रडला. ही गोष्ट मात्र मी इकरामला इमानाने, शब्द न शब्द सांगितली! तो हळहळला. "बेचारा," म्हणाला. मी दुसरीकडे बघत होतो.

लंडनला पोचलो तेव्हा त्याच्या नावाची तार येऊन चार दिवस झाले होते. अब्बांनी विचारलं होतं — नातेवाईक कराचीला निघालेत, आम्ही जावं की राहावं? ताबडतोब कळव. घरात कॉलेजात शिकलेला तोच. इकरामने उभ्या उभ्या तार केली, घर सोडू नका, मी येतो. ती पोचली तेव्हा घराला कुलूप होतं. मुलाचं उत्तर येत नाही म्हणजे त्यालाही खात्री वाटत नसणार, असं समजून अब्बा आदल्या दिवशी निघाले होते. त्या दुपारी मी खरं वाचून दाखवलं असतं तर तार आली त्या दिवशी आम्ही लंडनला असतो.

इकराम आईवडिलांमागे कराचीला गेला. परत हैदराबादला कधी आला नाही.

दर ईदला त्याचं पत्र यायचं. "यार, ग्रानाडा के वो चार दिन! वैसी बेफिक्री फिर मिलीच नइं." इतकी वर्षं कराचीत काढूनही त्याचा हा 'च' सुटला नव्हता — तो आपल्या मराठीचा 'च'. दर वर्षी तो माझे आभार मानायचा. आणि मी? उलट टपाली ते स्वीकारायचो. अशिलाला कागद वाचून दाखवताना मी एकेक ओळ दोनदा वाचायचो. ज्युनिअर हसायचे. त्यांना काय माहीत!

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचं पत्र आलं. अब्बू गेले, ग्रानाडाच्या त्या चार दिवसांबद्दल लिहून पाठवाल का? काल मी तिला सगळं लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. काचीगुड्याच्या पोस्टात स्वतः जाऊन पाकीट टाकलं. घरी आलो आणि दोन वेळा भात मागून घेतला. सून बघतच राहिली. छाती इतकी मोकळी वाटते आहे की मलाच नवल वाटतं. ती काय उत्तर देईल, देईल की नाही, ते तिचं.

तो कागद केव्हाच गेला. ओळी मात्र पाठ आहेत.

इकराम, क्या लिक्खे सो पूछा था ना तू? ये लिक्खे थे — हैदराबाद की फ़ौज हथियार डाल दी. हिंदुस्तान की फ़ौज शहर में आ गई. शहर में अमन है. दुकानें खुल गए.