पिन केलेली कमेंट

माझ्या मुलीने एका ऑनलाइन क्लासमध्ये शिकून घेतलं होतं की व्हिडिओखाली येणाऱ्या प्रत्येक कमेंटला तासाभरात उत्तर द्यायचं, आणि जिला सर्वांत जास्त लाइक मिळतील ती सगळ्यांत वर पिन करून ठेवायची. कमेंट आधी वाचायचीही असते, हे मात्र क्लास घेणाऱ्या त्या शहाण्याने सांगितलं नाही.

व्हिडिओत होती माझी थोरली बहीण, अक्का. यजमान गेल्यापासून ती तंजावरला आमच्याकडेच असते. डांगर पच्चडी करून दाखवायची होती: उडदाचं पीठ दह्यात कालवायचं, वर मोहरीची फोडणी. पाच मिनिटांचं काम, पण अक्काने सणाची रेशमी साडी नेसली आणि आमच्या इथल्या मराठीत सगळं सांगत गेली. "महाराष्ट्रातले आपले लोक पाहतील की," असं ती मला म्हणाली होती. ती तिकडे जन्मात गेलेली नाही.

मी एका लग्नासाठी चार दिवस पापनाशमला होते. परत आले तर मुलीचे पाय जमिनीवर नव्हते. व्हिडिओ धो धो चालला होता. "अम्मा, आठशेच्या वर कमेंट! सगळ्यांस उत्तर दिलं मी," म्हणत तिने फोन माझ्या हातात दिला. ती मराठी बोलते, पण वाचत नाही. आमच्याकडे बहुतेकांचं असंच. शाळा तमिळ नाही तर इंग्रजी. बँकेने मला सहा वर्षं सोलापुरात ठेवलं, म्हणून घरात मला तेवढं वाचता येतं.

सगळ्यांत वर पिन केलेलं होतं: "ही कसली मराठी? आजीबाई, आमच्या भाषेचा खून करू नका." शेवटी खो खो हसणारे चेहरे; त्याखाली माझ्या लेकीने जोडलेले हात आणि लाल बदाम. पुढे, "बाई, तमिळमध्येच बोला, उपकार होतील." त्यालाही बदाम. अशा शेकड्यांनी.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. शाळा नाही, वर्तमानपत्र नाही, सरकार दरबारी कोणी विचारत नाही, आणि तरी आमच्या आईबापांनी नुसत्या तोंडाने ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या इथे जगवली. अंगठ्याने पडदा सरकवत बसलेल्या रिकामटेकड्यांनी अर्ध्या मिनिटात तिचा निकाल लावला. सोलापुरात मलाही हसत. तेव्हा मी मुकाट्याने माझं बोलणं त्यांच्यासारखं करून घेतलं होतं. तोही राग त्या दुपारी उफाळून आला.

मी मुलीला फैलावर घेतलं. "अग, शिव्यांना नमस्कार घातलेस!"

"हसरे चेहरे होते की, अम्मा. आवडलं त्यांस म्हणून वाटलं मला."

"भाषांतराचं बटण दाबवत नव्हतं?"

"तेवढ्यात तास संपून जाईल," ती रडवेली होऊन म्हणाली.

मी ऐकते कुठली! एकेक कमेंट मोठमोठ्याने वाचत गेले, आमच्या मराठीत अर्थही फोडून सांगत गेले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मुलगी माझ्याकडे नाही, माझ्या पाठीमागे बघते आहे. दारात अक्का उभी होती.

"माझंच कीं तें सगळं?" तिने पुसलं. मी फोन पालथा केला. "असू दे," म्हणाली आणि आत गेली.

मुलीने व्हिडिओ काढून टाकला. मी त्या लोकांना दिवसभर मनातल्या मनात झोडपत राहिले, अजूनही झोडपते. पण अक्काला देवनागरी वाचता येत नाही. आठशे माणसांनी लिहूनसुद्धा तिच्यापर्यंत एक अक्षर पोचलं नव्हतं. ते मी पोचवलं, घसा फोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यापुढे कॉफी ठेवली आणि विचारलं, "सक्करै पोदुमा?" साखर पुरेशी आहे का, एवढंच. बाजारात, बसमध्ये आम्ही सगळेच तमिळ बोलतो. पण साठ वर्षांत अक्का माझ्याशी कधी तमिळमध्ये बोलली नव्हती.

"पुरे ग अक्का. बैस इथे," मी मराठीत म्हणाले.

ती बसली. मग दूध आज पातळ आलंय म्हणाली, तेही तमिळमध्येच.