लिंबूवालीचा फोटो

माझ्या बायकोला दिवाळीत तिच्या कंपनीकडून डिजिटल कॅमेरा मिळाला. त्याच दिवाळीत मला आमच्या कारखान्याकडून स्टीलचा डबा मिळाला. दोन्ही वस्तू आम्ही धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर मांडल्या आणि दोघंही डब्याचं कौतुक करत बसलो. ती ते माझ्यासाठी करत होती. मी करत होतो ते कॅमेऱ्याकडे बघावं लागू नये म्हणून.

कारण घरातला फोटोग्राफर मी होतो. वीस वर्षं रोलचा कॅमेरा वापरत होतो. न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून फोटो स्वतः धुतले होते. शहरातल्या एका हौशी फोटोग्राफर मंडळाचा मी सभासद होतो आणि अ‍ॅपर्चर, फोकस, फ्रेम असल्या गप्पांत कुणाला हार जात नसे. बायकोने त्या वीस वर्षांत माझा कॅमेरा हातात घेतला असेल तो फक्त पुसायला.

आम्ही दोघंही हडपसरला कामाला. मी जुन्या इंजिनिअरिंग कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. तयार झालेला पार्ट गेजमध्ये बसवून बघायचा. बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. ती आधी एका ऑफिसात टायपिस्ट होती. टाइपरायटर गेले तेव्हा तिने कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि चाळिशी ओलांडल्यावर एका नव्या आयटी कंपनीत अ‍ॅडमिनला लागली. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र, कॅन्टीनमध्ये डोसा. आमच्याकडे तेव्हा माणसं एकेक करून स्वेच्छानिवृत्ती घेत होती. सकाळी मी तिला स्कूटरवरून तिच्या गेटवर सोडायचो. तिथला वॉचमन तिला ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणायचा आणि मला म्हणायचा, ‘गाडी पुढे घ्या.’

कॅमेरा आला आणि ती दिसेल त्याचे फोटो काढायला लागली. रोल संपायची भीती नव्हती. जिन्यातल्या चपला, वाळत घातलेले गणवेश, संध्याकाळी परतताना कंपनीच्या बसमध्ये पेंगणारी पोरं. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की मी मुलीच्या कॉम्प्युटरवर कार्ड रिकामं करायचो. मुलगी इंजिनिअरिंगला होती, कॉम्प्युटर तिच्यासाठी घेतलेला. पण रविवारची दुपार माझी. एव्हाना मीही एक साधा डिजिटल कॅमेरा घेतला होता, त्यामुळे दोघांचे फोटो एकत्रच उतरायचे.

फोटो लावून ठेवायचं काम मी कारखान्याच्या शिस्तीने करत असे. महिन्याचं फोल्डर, त्यात दोन पोटफोल्डर: एक ‘पास’, एक ‘रिजेक्ट’. क्षितिज वाकडं, रिजेक्ट. हललेला, रिजेक्ट. डोकं कापलं गेलेलं, रिजेक्ट. महिनाअखेरीला बघावं तर ‘पास’मध्ये सगळे माझे आणि ‘रिजेक्ट’मध्ये सगळे तिचे. ती भाजी निवडत मागे बसलेली असायची. म्हणायची, “तुम्हाला कळतं त्यातलं. ठेवा कसे ठेवायचे ते.”

मग मुलीने स्क्रीनसेव्हर लावला. कॉम्प्युटर पाच मिनिटं नुसता राहिला की त्यातले फोटो एकामागून एक पडद्यावर यायचे. तिने ‘पास’ आणि ‘रिजेक्ट’ असा भेद केला नाही, दोन्ही फोल्डर त्याला जोडून टाकले.

घरी आलेलं माणूस चहा पिताना त्या पडद्याकडे बघायचं. माझे फोटो यायचे: सूर्यास्त, धरणाची भिंत, दवबिंदू. माणूस बिस्किट खायचं. मग तिचा एखादा यायचा, आणि कप हातातच राहायचा. “हा कुणी काढला हो?”

हा प्रश्न मी निदान दहा-बारा वेळा ऐकला. एकदाही तो माझ्या फोटोला आला नाही. समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त मास्तर तर एकदा म्हणाले, “छान फोटो काढता आपण,” आणि मी ‘थँक्यू’ म्हणायच्या आत पुढे म्हणाले, “तो बसमधल्या पोरांचा तर फारच.” मुलगी आतून ओरडली, “तो आईचाय!” मास्तर म्हणाले, “हां, तरीच.”

ते ‘तरीच’ मला फार लागलं. पुढच्या रविवारपासून मी एक उद्योग सुरू केला. फोटो उतरवताना तिचे चांगले फोटो हळूच दुसऱ्या ड्राइव्हमध्ये हलवायला लागलो, कारखान्याच्या कागदांच्या फोल्डरमध्ये. डिलीट करायचं धाडस नव्हतं. पण स्क्रीनसेव्हरमध्ये ते येणार नाहीत एवढी व्यवस्था केली. आणि गंमत अशी की तिचे चांगले कोणते आणि सुमार कोणते, हे मला एका नजरेत कळत होतं. हलवताना माझा हात एकदाही चुकला नाही.

अशाच एका रविवारी तो फोटो आला. सकाळी ती मंडईत जाऊन आली होती. फोटोत एक लिंबूवाली आपल्या लहान मुलीची वेणी घालत होती. रिबीन दातात धरलेली, समोर तराजू, पारड्यात एकच लिंबू. मुलीची मान तिरकी, आणि फोटोही तसाच तिरका. बाई मात्र थेट कॅमेऱ्याकडे बघत होती, आणि रिबीन दातात असूनही हसत होती. जुनी मैत्रीण समोर आल्यासारखी.

वीस वर्षांत मला असा एक फोटो जमला नव्हता.

“कसा आलाय?” तिने मागून विचारलं.

“वाकडा आहे,” मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मी तिला न सांगता मंडईत गेलो. तीच जागा शोधली, तेच ऊन येईपर्यंत थांबलो. लिंबूवाली मुलीला पुढ्यात घेऊन बसली होती. मी कॅमेरा वर केला. तिने झटकन पदर तोंडावर ओढला.

“ओ साहेब, फोटू नगं. इचारल्याबिगर कसं काढताय?”

“मागच्या रविवारी माझ्या मिसेसनी काढला की तुमचा,” मी म्हटलं.

“त्या चष्मावाल्या ताई? त्या तुमच्या मालकीण व्हय?” तिने पदर खाली केला आणि मला नीट न्याहाळलं. “मग त्यास्नी पाठवा. त्या बसत्यात हितं, बोलत्यात. पोरीला शाळंत घालाया त्यांनीच फारम भरून दिला.”

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी अर्धा डझन लिंबं घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, “लिंबं कशाला? आहेत की घरात.” मी म्हटलं, “स्वस्त होती.”

इथवर मी केलं ते पोरकट होतं. पुढचं तसं म्हणता येत नाही.

मंडळाचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं. विषय होता ‘बाजार’. सहा फोटोंची सीडी द्यायची होती. मी माझे पाच निवडले आणि सहाव्या जागी लिंबूवालीचा फोटो घातला. घालण्याआधी तो सरळ केला. कॉम्प्युटरवर ते सोपं असतं: फोटो थोडा फिरवायचा आणि वाकड्या झालेल्या कडा कापून टाकायच्या. सरळ केल्यावर मला वाटलं, यात आता माझंही काम आहे. पाकिटावर मी माझंच नाव लिहिलं.

माझे पाचही फोटो नाकारले गेले. तो एक निवडला गेला, मोठा छापला गेला आणि दाराच्या समोरच्या भिंतीवर लागला.

मी घरी सांगितलंच नव्हतं. पण मंडळाच्या चिटणीसांनी घरी फोन करून बायकोला आग्रहाचं बोलावणं केलं. ती ठेवणीतली साडी नेसली, मुलीलाही बरोबर घेतलं. हॉलमध्ये शिरताच तिने तो फोटो पाहिला आणि समोर जाऊन उभी राहिली. मुलगी म्हणाली, “आई, हा तर तुझा...” तिने मुलीचा हात दाबला.

चिटणीस लगबगीने आले. “वहिनी, यंदा यांनी कमाल केली. त्या बाईच्या डोळ्यांत काय ओळख आहे! अशी ओळख मिळवायला वर्षं जातात.”

“हो ना,” बायको म्हणाली.

ते गेल्यावर तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “सरळ का केलात?”

“वाकडा होता.”

“वाकडा आहे ते मला माहीत होतं. पोरीने मान तिरकी केली होती, म्हणून मीही केली. तिची आई त्यालाच हसत होती.” मग तिने फोटोच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. “इथे पोरीचा पाय होता. बोटं वाकवून बसली होती, केस ओढले जात होते म्हणून. तो कापलात तुम्ही.”

फोटो तुमच्या नावावर का, हे तिने विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी कारण दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी चिटणीसांना गाठलं आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “म्हणजे यातलं आपलं काम फक्त कापण्याचं.”

“हो.”

“वहिनी सभासद आहेत का?”

“नाहीत.”

“मग नियमात बसत नाही. उतरवावा लागेल.”

फोटो माझ्यादेखत उतरवला. मला वाटलं, मोठं मन दाखवलं आपण. घरी येऊन तिला सांगितलं. ती कणीक मळत होती, थांबली.

“उतरवला?”

“तुझं नाव नव्हतं ना त्यावर.”

“मी नाव मागितलं होतं का? भिंतीवर होता तो. लोक बघत होते त्या पोरीला. आधी नाव लावलंत, मग फोटोच काढून टाकलात. दोन्ही वेळा मला विचारलंत?”

चार दिवस ती माझ्याशी ‘आपण’ लावून बोलली. “आपण जेवणार का?” “आपल्याला डबा देऊ का?” पुण्यात ज्यांचा संसार झाला आहे त्यांना या ‘आपण’चं वजन सांगायला नको. पाचव्या दिवशी मुलीकडून तिने कॉम्प्युटरवर स्वतःचं वेगळं खातं उघडून घेतलं, पासवर्ड लावून. मग कारखान्याच्या कागदांमधले तिचे सगळे फोटो मी तिच्यासमोर बसून परत दिले. त्र्याऐंशी निघाले. एकेक बघत ती म्हणाली, “हे सगळे चांगलेच निवडलेत हो तुम्ही.” टोमणा होता की दाद, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर एका रविवारी ती लिंबूवालीसाठी फोटोची प्रत काढून घेऊन निघाली. तिरका होता तसाच, पायासकट. “चला तुम्हीही,” म्हणाली. लिंबूवालीने फोटो हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

“ह्यो व्हय? ह्यात तर रिबीन तोंडात हाय माझ्या. आन पोरगी रडकी दिसतीय. ताई, चांगला काढायचा न्हाई का?”

बायकोचा चेहरा उतरला. मी पाहिलं आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. लिंबूवाली माझ्याकडे वळली. “साहेब, तुमी काडा की. आमी हुबं ऱ्हातो.”

दोघी उभ्या राहिल्या. पदर नीट, मुलीचे हात बाजूला, माना ताठ. मी मोजून-मापून फोटो काढला. आठवड्याने प्रत दिली तेव्हा तिने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून तराजूच्या वर दोरीला बांधली. घरी येताना बायको म्हणाली, “बाहुल्यांसारख्या उभ्या आहेत दोघी.”

“त्यांना आवडला,” मी म्हटलं.

“आवडला ना. माझा कुठे ठेवला असेल कोण जाणे.” आणि स्कूटरवर मागे धरायची कडी तिने जरा जास्तच घट्ट धरली. तिलाही हे होतं, हे मला त्या दिवशी कळलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती.

नंतर तीही मंडळाची सभासद झाली. अर्ज मीच आणून दिला. पहिल्याच वर्षी तिचे चार फोटो लागले, माझा एक. आता तिथे नवीन आलेली मंडळी मला ‘मॅडमचे मिस्टर’ म्हणून ओळखतात. मी हसून मान डोलावतो. घरी आल्यावर पाणी पितो. चालतं.

चालतं म्हणजे बरंचसं चालतं. मागच्याच महिन्यात चिटणीसांचा फोन आला. मंडळाच्या कॅलेंडरवर तिचा फोटो घ्यायचा होता. “वहिनी आहेत का?” त्यांनी विचारलं. ती स्वयंपाकघरात होती, शेंगदाणे भाजत. वास हॉलपर्यंत येत होता.

“नाही, बाहेर गेल्यात,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दोन मिनिटं तिथेच उभा राहिलो. मग परत नंबर लावला. “आत्ताच आल्या,” म्हटलं, आणि तिला हाक मारली.