शुक्रवारची गोळी

अब्बांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी बऱ्याच गोळ्या दिल्या. बाकीच्या गोळ्या अब्बा औषध म्हणून घेत. कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी मात्र हळूहळू आमच्या घरच्या पाहुणचारात गेली.

आम्ही आखातात, वादी अदाईला राहायचो. वादी कबीर भागातलं गॅरेज अर्बाबच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक मालकाच्या नावावर होतं, चालवायचे अब्बा. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की त्यांचे तीन दोस्त आमच्याकडे जेवायला यायचे. एक अब्बांच्याच गॅरेजमध्ये गाड्या रंगवणारे पेंटरचाचा, एक शाळेची बस चालवणारे ड्रायव्हरचाचा आणि रुस्ताकला कापडाचं दुकान असलेले, म्हणून कापडचाचा. तिघांची बायकामुलं रत्नागिरीकडे, गावाला. त्यामुळे त्या दिवशी अम्मी मटणाचं मोठं पातेलं चढवायची. जेवणं आटोपली की मी ट्रे घेऊन बाहेर जायची. ट्रेमध्ये बडीशेप, टूथपिक आणि अब्बांच्या गोळ्यांची स्ट्रिप.

स्ट्रिप ट्रेमध्ये आली ती अब्बांच्या स्वभावामुळे. एका शुक्रवारी जेवणानंतर ते गोळी घ्यायला लागले. पण समोर माणसं बसलेली असताना एकट्याने काही तोंडात टाकणं त्यांना जमेना. त्यांनी स्ट्रिप पुढे केली. "चरबी कापते," ते म्हणाले. पुढच्या शुक्रवारी पाहुण्यांनी स्वतःच मागितली.

"मना अर्धीच दे," ड्रायव्हरचाचा म्हणायचे. "मी आज रस्साच खाल्ला."

"अर्धी काय? पुरी घे. माझ्या घरात कोण अर्धा जेवत नाय."

कापडचाचा दुसऱ्यांदा मटण वाढून घेण्याआधीच एक गिळून टाकायचे. पेंटरचाचा हडकुळे. त्यांना कसलाच आजार नव्हता आणि गोळी घ्यायला त्यांना संकोच वाटायचा.

"मना काय झालेला नाय रे."

"नाय झालेला म्हणूनच घे," अब्बा म्हणायचे. "झाल्यावर सगळेच घेतात."

हे सगळं अगदी गंभीरपणे चालायचं. मी ट्रे धरून उभी असायची. माझं मराठी शाळेच्या इंग्रजीखाली दबलेलं, त्यामुळे मोठ्यांच्या बोलण्यात मी पडत नसे. अब्बा रोजची गोळी रात्री घेत असतील आणि शुक्रवारची ही वरची, असं मी धरून चालले होते.

गोळ्या गावाहून यायच्या. सुट्टीवरून परतणारं कुणी ना कुणी त्या सोड्यांच्या पिशवीसोबत बॅगेत घालून आणायचं, म्हणून आमच्या घरात कोलेस्टेरॉलच्या गोळीला सुक्या कोळंबीचा वास होता.

तपासणीसाठी अब्बांबरोबर रुवीच्या क्लिनिकला मी गेले. बारावीला बायोलॉजी घेतल्यामुळे घरात मी अर्धी डॉक्टर होते. खऱ्या डॉक्टर केरळच्या होत्या आणि संथ हिंदीत बोलायच्या. रिपोर्ट वाचून त्यांनी विचारलं, "गोळी नियमित घेता ना?"

"एकही शुक्रवार चुकवलेला नाही," अब्बा म्हणाले.

डॉक्टरांची बोटं कीबोर्डवर थांबली. "आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस घरात डाळभात असतो. त्याला गोळी कशाला? मग पाहुण्यांना पुरणार नाहीत."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या हृदयाकडे पाहत राहिले.

मग त्यांनी कागदावर एक नळी काढली. चरबी नळीच्या आत पाइपातल्या गाळासारखी बसत नाही, त्या म्हणाल्या. ती भिंतीच्या अस्तराखाली शिरते. तिथे फुगवटा येतो, भिंत सुजते. फुगवट्यावरची साय फाटली की रक्त तिथे गोठतं आणि रस्ता बंद होतो. ही गोळी रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करते, भिंतीची सूज उतरवते, ती साय घट्ट करते. पण त्यासाठी ती रोज पोटात जावी लागते. एका जेवणापुरती तिचा काही उपयोग नाही. "स्टेंट एका जागी आहे. बाकीच्या रक्तवाहिन्या जुन्याच आहेत. असंच चाललं तर पुन्हा अटॅक येऊ शकतो. आणि पाहुण्यांना आधी रक्त तपासून डॉक्टरला विचारायला सांगा. ही बडीशेप नव्हे."

गाडीत सिग्नलला अब्बा म्हणाले, "रोज घेईन. पण त्यांना काय सांगू? गोळी माझी एकट्याची आहे म्हणून?" दुसऱ्या अटॅकपेक्षा त्यांना हेच जास्त जड जात होतं. रोज घेऊन शुक्रवारी वाटायच्याही, एवढ्या गोळ्या घरात नव्हत्या. त्यांच्याने पाहुण्यांना 'नाही' म्हणवणार नाही, हे मला कळून चुकलं.

पुढच्या शुक्रवारी मी ट्रेमध्ये फक्त बडीशेप आणि टूथपिक ठेवले. तिघांनी ट्रेकडे पाहिलं, मग अब्बांकडे. अब्बा पंख्याकडे बघत होते.

"काय गो," कापडचाचा म्हणाले, "गोळी खलास?"

"नाही," मी म्हणाले. "आहे. पण ती अब्बांची आहे."

खोलीत असं काही आधी कुणी बोललं नसावं. आता बोलतच राहणं भाग होतं. रक्तवाहिनीच्या अस्तराला मराठीत काय म्हणतात ते मला ऐनवेळी आठवेना, म्हणून मी पेंटरचाचांकडे वळले. समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना रंगाखाली गंज धरतो, वरून नुसता फोड दिसतो, तसे फोड अब्बांच्या आत आहेत, असं सांगितलं. गोळी रोज घेतली तर फोडाची साल टिकते. नाहीतर फुटतो. फुटला तर तिथेच रक्त गोठतं.

पेंटरचाचा अब्बांना म्हणाले, "आणि तू रंगाचा रोजचा कोट आमका वाटत होतास?"

"तुम्ही पाहुणे," अब्बा पंख्याला म्हणाले.

"आता घे. आमच्यासमोर," ड्रायव्हरचाचांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"रात्री घ्यायची असते."

"मग बसतो आम्ही."

आणि ते खरंच बसले. असरची नमाज झाली, सूर्यास्तानंतरची मगरिबची झाली. कापडचाचांना दोन तासांवरच्या रुस्ताकला परतायचं होतं, तेही हलले नाहीत. अम्मीने आत मला विचारलं, "हे जाणार आहेत की नाहीत?" मग तिने पुन्हा भात लावला. माणसं जेवायच्या वेळेला बसलीत म्हटल्यावर दुसरं काय करणार. मी ताटं मांडली. या वेळी फक्त डाळ होती आणि कुणी तक्रार केली नाही.

जेवण झाल्यावर मी स्ट्रिप अब्बांच्या हातात दिली. त्यांनी एक गोळी काढली, आणि सवयीने स्ट्रिप धरलेला हात पुढे गेला. तिघांनीही आपापल्या ताटावर पंजा आडवा धरला, जास्तीचा भात नको म्हणताना धरतात तसा.

"घे रे, एक घे," अब्बा म्हणाले.

कुणी हात काढला नाही. शेवटी अब्बांनी मान खाली घातली आणि, काहीतरी अशिष्ट करत असल्यासारखी, ती गोळी एकट्याने गिळली.