चक्का म्हणजे कोणता?

नागपूरहून निघाले तेव्हा गाडी अगदी गुणी होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर जो तो मलाच विचारत होता, "निघताना गाडी दाखवली नव्हती का?" दाखवली होती हो! हवा, तेल, पाणी, सगळं बघून घेतलं होतं. नातीच्या लग्नाला रायपूरहून माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, आणायचं होतं. तिचे गुडघे असे की रेल्वेच्या डब्याच्या पायऱ्या तिच्यानं चढवत नाहीत. म्हणून मीच गाडी काढली. साठी उलटल्यावर चालवायला शिकले मी, पण शिकले ती नीट शिकले.

भंडारा मागं पडलं. देवरीच्या जंगलात सागाची मोठाली पानं रस्त्यावर लोळत होती. तिथं चहाला थांबले. निघताना गाडी वळवायला हातातलं चाक पूर्ण फिरवलं, तर कुठूनसं "कर्रर्र... कट!" गंजल्या कपाटाचं दार उघडावं तसं. पुन्हा फिरवलं, पुन्हा कट. सरळ रस्त्याला लागले की गाडी मुकी. सरळ चालताना गप्प आणि वळताना तक्रार! असा एक माणूस आमच्या नात्यात आहे, पण त्याला निदान विचारता तरी येतं. राजनांदगाव गेलं, दुर्ग गेलं, भिलाईची धुराडी दिसली, रायपूरचे चौक सुरू झाले, आणि दर वळणाला कर्रर्र, कट.

ताई राहते ब्राह्मणपाऱ्यात (पारा म्हणजे आपली आळी). गल्ली एवढी अरुंद, की समोरून स्कूटर आली तर कुणीतरी श्वास रोखून धरायचा. देवळाच्या बाजूला गाडी लावताना चाक इतक्या वेळा इकडून तिकडं करावं लागलं, की त्या कर्रर्र-कटनं अख्ख्या आळीला मी आल्याची वर्दी मिळाली. ताईचा मुलगा सुहास दारातच उभा. याला मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतच देतो.

"मौसी, ये आवाज कैसी आ रही है?"

"काही नाही रे, जराशी कुरकुर करून राहिली."

"जराशी? ऐसी गाड़ी में मम्मी को नहीं भेजूँगा. पहले ठीक कराओ."

ताई आतून म्हणाली, "राहू दे वं. मी इथूनच आशीर्वाद देतो पोट्टीले."

तिला निमित्तच हवं होतं! भाऊजी गेल्यापासून तिनं गाव सोडलेलं नाही. कधी गुडघे, कधी तुळशीला पाणी कोण घालेल, आणि आता माझी गाडी. मी मनात म्हटलं, बाई, तुला घेतल्याशिवाय जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भनपुरी गाठली. शहराच्या उत्तर टोकाला हा सगळा ट्रकांचा मुलूख. इकडं ट्रक उघडलेले, तिकडं ट्रक मिटलेले, मधल्या काळ्या चिखलात माझी गाडी म्हणजे म्हशींच्या कळपात शेळी. सुहासच्या ओळखीच्या गॅरेजातले साहू भैया हात पुसत आले.

"क्या तकलीफ है, अम्मा?"

मी माझ्या ठेवणीतल्या हिंदीत सांगितलं, "भैया, चक्का घुमता है ना, तो आवाज आता है. कर्रर्र, कट!"

"कौन सा चक्का? ड्राइवर साइड?"

आता हा काय प्रश्न झाला? ते का मागच्या सीटवर असतं? "हाँ हाँ, ड्राइवर साइड का."

"हव (हो)," म्हणून त्यांनी जॅक लावला.

मी समोरच्या टपरीवर चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) खायला बसले. कडा कुरकुरीत, मधे मऊ, सोबत टमाटरची झणझणीत चटणी. ती चटणी साडीवर सांडली, तेही त्या दिवसाला शोभूनच होतं. दुपार झाली. साहू भैयांनी पुढच्या चाकाची बेरिंग बदलली, गाडी हमरस्त्यावर सरळ नेऊन सरळ आणली. "मक्खन, अम्मा!"

मक्खन म्हणे. गॅरेजच्या फाटकातून वळले आणि कर्रर्र, कट!

मागं वळायचंही त्राण नव्हतं. घरी आले. सुहासनं आवाज ऐकला आणि नुसतं ताईकडं बघितलं. ताईनं तुळशीकडं बघितलं. माझा असा संताप झाला की काय सांगू.

सकाळी सुहास कामावर गेल्यावर ताईनं फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या) पुढं ठेवला आणि विचारलं, "तू त्याले सांगितलं तरी काय?"

"काय सांगणार? चक्का घुमता है तो आवाज आता है."

ताई हसायला लागली. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अवं, चक्का म्हणजे खालचा! इथं ट्रकले दस चक्का, बारा चक्का म्हणतात. हातातल्याले स्टेरिंग म्हणाव लागते!"

"मग काल काहून नाही सांगितलं?"

"तू मले विचारलं का?"

मी फरा तसाच ठेवून उठले. पोट दुखलं तर डॉक्टर पोटावर हात ठेवतो, गाडीलाही ठेवून बघू. चाकांखाली विटा सरकवल्या, ब्रेक ओढला, गाडी सुरू केली आणि ताईला चालकाच्या जागेवर बसवलं.

"पळनार तर नाही ना हे?"

"नाही. तू फक्त फिरव."

बॉनेट उघडलं की पुढच्या दोन्ही चाकांच्या वर एकेक वाटीएवढी टोपी दिसते; तिच्याखाली स्प्रिंग असते. उजव्या टोपीवर तळवा ठेवला. ताईनं स्टेरिंग फिरवलं. हाताला काही नाही. डाव्या टोपीवर ठेवला. आधी काहीतरी अडल्यासारखं वाटलं आणि मग तळव्याखाली सणकन उडालं. कट!

"सापडलं!" मी ओरडले.

"अजून फिरवू?" ताई विचारत होती. तिला मजा येऊन राहिली होती!

पुन्हा भनपुरी. या वेळी ताईसुद्धा शेजारी बसून आली, म्हणाली, तुझ्या हिंदीचा भरवसा नाही. तिनं सांगितलं, मी बोट ठेवून दाखवलं. साहू भैयांनी कपाळावर हात मारला. "अम्मा, चक्का बोलोगे तो चक्का ही खोलूँगा ना! और ये तो कंडक्टर साइड है!" त्या टोपीखालची माउंटिंग खोलली, तर आतली बेरिंग गंजून कोरडी ठक्क. नवी बसवली. मी गॅरेजच्या आवारातच गाडी गोल गोल फिरवली. आवाज नाही. संध्याकाळी सुहासनं स्वतः गल्लीच्या तोंडाशी वळवून बघितली आणि म्हणाला, "ठीक है, मौसी. आराम से जाना."

ताईची पिशवी आधीच भरलेली होती. तुळस शेजारणीवर सोपवली होती.

नागपूरला पोहोचलो तर अंगणात पाहुणे जमलेले. कुणीतरी विचारलं, "एवढ्या लांब कशा आल्या वं ताई?" माझे खांदे दुखत होते, साडीवर चटणीचा डाग तसाच होता, आणि ताई काठी टेकत उतरून मोठ्यानं सांगत होती, "गाडीत आवाज होता. मी चालवून पाह्यली, तेव्हा सापडला."

उभ्या गाडीचं स्टेरिंग फिरवलं होतं बाईनं, विटा लावून! मी गाडीतून तिची पिशवी काढली. म्हटलं, चालवली म्हणते तर चालवली. आली ना.