हौसाबाईंच्या बंद घरी पाठवलेलं पत्र

नीरज, मीरा — हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. आता लिहिते, कारण परवा फोनवर नीरज आपलं परदेशातलं काम समजावून सांगत होता: तेलाच्या आणि गॅसच्या विहिरी, जमीनमालकांची न दिलेली रॉयल्टी, म्हणजे उत्पन्नातला वाटा, प्रत्येक राज्याचे बदलते नियम, मालक सापडावा म्हणून पाठवायची पत्रं. "आजी, कंटाळलीस का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. ते खोटं होतं.

केडगावला एका खडीच्या खाणीच्या ऑफिसात मी काम करत असे, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या फायली नीटनेटक्या असत, हेही. हौसाबाईंच्या रानातून आम्ही दगड काढायचो. नवरा गेल्यावर वारसनोंद रखडली, म्हणून त्यांचा वाटा आमच्याकडे पडून होता. नोंद होत आली, आणि नियम बदलला — असे पैसे असतील तर मालकाला रजिस्टर पत्र पाठवायचं. ते परत आलं, तर रक्कम सरकारजमा.

पत्र कुठे पाठवायचं? कागदोपत्री असलेल्या पत्त्यावर, एवढंच नियमात होतं. पण हौसाबाई दिवाळीनंतर मुद्दाम येऊन गेल्या होत्या. "बाई, उद्या टोळी निघती. आमी आता पाडव्यापत्तोर ऊसतोडीला. काय आलं तर तिकडंच धाडा." कारखान्याचं नाव, मुकादमाचा फोन नंबर — मीच चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून घेतला. मुलीला नगरला वसतिगृहात ठेवायचं होतं त्यांना, त्या पैशांवर.

मी पत्र गावच्या घरी पाठवलं.

घराला कुलूप असणार, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तपासणी जवळ आली होती आणि तेवढी एकच फाइल उघडी होती — दुसरं काही नाही. पत्र 'घर बंद' असा शेरा घेऊन परत आलं. मी पाकीट फाइलला लावलं. साहेब म्हणाले, फाइल असावी तर अशी.

पाडव्यानंतर हौसाबाई आल्या. मी सांगितलं, आम्ही शोधलं, तुम्ही सापडला नाहीत. त्या पाकिटाकडे बघत राहिल्या. "तुमी तरी काय करनार, बाई. आमचं घरच सा म्हैने बंद." जाताना टेबलावर भुईमुगाच्या शेंगा ठेवून गेल्या. मी त्या घरी आणल्या. तुमच्या आईनं खाल्ल्या.

हौसाबाईंना सरकारकडे अर्ज करून पैसे परत मागता येत होते. पण मग कुणीतरी विचारलं असतं — दुसरा पत्ता माहीत होता का? म्हणून मी तेही सांगितलं नाही. पुढच्या हंगामात मुलगी कोयता घेऊन आईबरोबर गेली.

हौसाबाई आता नाहीत. खाण बंद आहे. चिठ्ठी माझ्या कपाटात, डावीकडच्या खणात आहे. पेन्सिलीचा नंबर अजून वाचता येतो.