गोळी कुणासाठी होती

"हात पुढं कर," डॉक्टर म्हणाला.

मी केले. वसमतच्या त्या खाजगी दवाखान्यात मी टेबलासमोर उभी होते. खुर्ची होती, पण बस म्हणालं नव्हतं कुणी. मागचं दार उघडंच. बाहेर बाकड्यावर पेशंट. आमच्या गावचेही दोघंतिघं.

हात थरथरत होते. सकाळपासून नाक वाहत होतं. घाम फुटत होता आणि अंगावर काटाही येत होता. जांभयांवर जांभया.

"बघा," तो दाराकडं बघून म्हणाला, बाहेरच्यांना ऐकू जाईल असं. "ही बाई दुखण्यासाठी येत नाही. गोळीसाठी येते. नशेडी आहे ही."

बाहेर कुणीतरी हसलं.

मी म्हणलं, "साहेब, कंबर लई दुखून राहिली. गोळी तुमीच दिली व्हती."

"तुमच्या लोकांत बायासुद्धा पितात. तुला दारू काय, गोळी काय." मग कंपाउंडरला म्हणाला, "हिला पुन्हा आत सोडायचं नाही. मेंढरांचा वास भरतो दवाखान्यात."

मी हात तसेच धरून उभी. खाली घ्यायचं सुचलंच नाही. कंपाउंडरनं दंड धरून बाहेर काढलं तेव्हा ते खाली आले.

आम्ही मेंढरंवाले. गाव शिरड शहापूरच्या अलीकडं. नवरा मेंढरं घेऊन शिवारोशिवार फिरतो. घरी मी, सासू आणि चार शेळ्या. हळदीचा हंगाम आला की मी मजुरीला जायची, गावातल्या मोठ्या जमीनवाल्याच्या शेतातल्या आखाड्यावर. सगळे त्याला मालक म्हणायचे. मीही म्हणायची.

हळद वाफेच्या मोठ्या कुकरात शिजवतात. शिजलेली हळद टोपल्यात भरायची, डोक्यावर घ्यायची, वाळवायच्या जागी नेऊन ओतायची. वाफ तोंडावर येते, पाणी मानेवरून पाठीत उतरतं. कुकराभोवती जमीन सदा ओली. एका हंगामात तिथंच पाय सरकला. टोपल्यासकट खाली बसले. कमरेत कडकन वाजलं. उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच.

मालकानं मला आपल्या गाडीत घालून वसमतला नेलं. तो डॉक्टर त्याचा भाचा. सीट खराब होऊ नये म्हणून खाली पोतं अंथरलं होतं. मला त्याचंही काही वाटलं नाही. एवढ्या मोठ्या माणसानं गाडीत घेतलं म्हणून मी पडल्या पडल्या हात जोडले.

दवाखान्यात तो भाच्याला म्हणाला, "हिला लवकर उभी कर. हळद वावरात पडून हाय."

कंबर बघ म्हणाला नाही. फोटो काढ म्हणाला नाही. उभी कर म्हणाला. हे वाक्य मी त्या दिवशी ऐकलं होतं. कळलं फार उशिरा.

भाच्यानं इंजेक्शन दिलं, कॅप्सूल लिहून दिल्या. काय सांगू त्या पहिल्या दिवसाचं. दुखणं गेलं. डोकं हलकं झालं. घरी येऊन मी सासूला म्हणलं, "देवमाणूस हाय डॉक्टर." पुढच्या सकाळी मी पुन्हा टोपलं उचलत होते. आत कंबरेचं काय होऊन राहिलं होतं, मला पत्ता नव्हता. पत्ता लागू नये, त्याचीच ती गोळी.

पुढं पुढं मालकाच्या सदऱ्याच्या खिशातच गोळ्यांची पट्टी असायची. सकाळी कामाला लागायच्या आधी तो आमच्या समोरून फिरायचा. जिची पाठ धरली, जिचा खांदा उतरला, तिच्या हातावर एक. पाण्याचा तांब्या फिरायचा. आम्ही त्याला मालकाची माया समजायचो.

हंगाम सरला. गोळी सरली नाही. एकीनं भागेना म्हणून दोन झाल्या. पोट दगडासारखं. जेवण जाईना. शेळ्या राखता राखता बसल्या जागी डोळा लागायचा. एखाद्या दिवशी गोळी चुकली की पाय आपोआप झटकायचे, हाडांत मुंग्या फिरायच्या. मला वाटायचं, दुखणंच वाढलं. डॉक्टरला तसंच सांगायची. तो मान वर न करता एक कॅप्सूल वाढवायचा.

मग म्हणे वरून तपासणी झाली. मेडिकलवाला म्हणाला, चिठ्ठीशिवाय देता येत न्हाई. डॉक्टरनं चिठ्ठीच बंद केली. एकदम. कशी सोडायची, सोडल्यावर अंगाचं काय होतं, एका शब्दानं सांगितलं नाही. अंगाला काय होतंय ते दाखवायलाच मी त्या दिवशी गेले होते. त्यानं हात पुढं करायला लावले.

मी घरी पोचायच्या आधी गोष्ट गावात पोचली. गोळीवाली. बाया नाव घ्यायच्या नाहीत, गोळीवाली म्हणायच्या. शेजारची म्हातारी आजारी होती, तिला बघायला गेले तर सुनेनं आधी औषधाची पिशवी उचलून आत ठेवली. मग मला बस म्हणाली. पाण्याचा तांब्या दिला. मी तो तसाच खाली ठेवला आणि उठले.

नवरा आला. पागोटं खुंटीला लावलं.

"लोकं मला इचारून राहिले," तो म्हणाला. "तुझी बायको नशा करती का म्हणून."

"तुमी काय सांगितलं?"

"काय सांगू? मला तरी काय ठावं?"

एवढं बोलून तो मेंढरांकडं निघून गेला. मारलं असतं तर मी भांडले असते. याला काय करायचं?

मी अंथरुणाला खिळले. उलट्या, जुलाब, अंगभर आग. कंबरेत तर कुणी पहार घालून पिळतंय असं. पण दुखण्यापेक्षा वाईट वेगळंच होतं. मला पटलं होतं. मी नशेडीच. डॉक्टर शिकलेला, तो कशाला खोटं बोलेल? माझ्यातच घाण असंल. पडवीच्या कोपऱ्यात औताची जुनी दोरी टांगलेली होती, माझे डोळे सारखे तिकडंच जायचे. सासूनं ते पाहिलं. दोरी काढून शेजाऱ्याला देऊन आली आणि म्हणाली, "उठ. हिंगोलीला जाऊ."

माझी सासू फार बोलणारी बाई नाही. लग्नापासून तिनं माझ्याशी मायेचे शब्द किती बोलले असतील, मला आठवत नाही. त्या दिवशी तिनं मला एसटीत खिडकीशी बसवलं, उलटीला पिशवी हातात दिली आणि सारी वाट माझ्या पाठीवर हात ठेवून बसली.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात लाईन मोठी होती. आत एक डॉक्टरीणबाई. मी टेबलासमोर उभी राहिले आणि न सांगता हात पुढं केले. सवयच लागली होती.

"हात कशाला?" ती म्हणाली. "बसा ताई."

मी बसले. रिकामी पट्टी दाखवली. किती खाते, कवापासून खाते, कुणी दिली, सगळं सांगितलं. मग म्हणलं, "म्याडम, मी नशेडी हाय."

तिनं पेन खाली ठेवलं.

"ही गोळी अंगाला सवय लावते, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"न्हाई."

"एकदम बंद करायची नसते, हे?"

"न्हाई."

"मग तुमचं काय चुकलं? दिलं ते औषध तुम्ही खाल्लं."

सासू म्हणाली, "पण बाई, सुटंल का?"

"सुटेल. हळूहळू कमी करत जायची. त्रास होईल." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आणि एक सांगते. कंबर पूर्वीसारखी होणार नाही. गोळी सुटली तरी दुखणं थोडंफार राहील. खोटा धीर देत नाही तुम्हाला."

बाहेर येऊन मी जिन्याच्या पायरीवर बसून रडले. दुखणं राहणार म्हणून नाही. खरं काय ते मलाही कळावं, असं एका शिकलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटलं होतं, म्हणून.

गोळ्या सासूनं आपल्या कनवटीला बांधल्या. डॉक्टरीणबाईनं सांगितल्या तेवढ्याच द्यायची. पुढं त्यातही कमी. सोपं होतं असं कुणी म्हणू नये. एकदा दुपारी ती शेळ्या घेऊन निघाली तर मी तिच्या मागं धावले. कंबर धरून, अनवाणी, कापसाच्या पऱ्हाट्या तुडवत. शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, गाठलं. तिचं लुगडं धरलं. नाही नाही ते बोलले. तुझ्या लेकानं मला टाकलं, तुला मी मेलेलीच पाहिजे, असलं काहीबाही.

ती धुऱ्यावर खाली बसली. कनवटीवर दोन्ही हात घट्ट.

"मार मला," ती म्हणाली. "पण गोळी संध्याकाळीच."

मी तिच्याशेजारी पडून राहिले. ती माझ्या केसांतल्या काड्या काढत बसली. शेळ्या कुणाच्या तरी तुरीत शिरल्या, त्यांना हाकलायलाही ती उठली नाही.

असे दिवस पुष्कळ गेले. गोळी कमी होत होत सुटली. दुखणं सुटलं नाही. आता ते अख्खं माझ्या अंगावर आलं. सकाळी उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हातावर भार द्यायचा. डॉक्टरीणबाईनं शिकवलेला व्यायाम करायचा. कुठलं काम होतं, कुठलं होत नाही, हे कंबर सांगते. मी ऐकते. नवरा मेंढरांवरून घरी आला की आता हंडा मला उचलू देत नाही. त्या दिवसाबद्दल तो अजून बोललेला नाही. मीही विचारत नाही.

पुन्हा हळद आली. घरी बसून भागत नव्हतं. मी आखाड्यावर गेले आणि मुकादमाला म्हणलं, बसून करायचं काम असंल तर द्या, हळकुंडं निवडायचं, त्यांचे कोंब मोडायचं. त्यानं लावलं. दोन प्रहरी मालक आला. कुकर भरला होता आणि टोपली वाहायला बाया कमी पडत होत्या.

"ए, उठ," मला म्हणाला. "टोपलं घे."

"माझ्यानं उचलत न्हाई मालक. कंबर गेलेली हाय."

त्यानं खिशात हात घातला. पट्टी काढली. तिच्यातली एक कॅप्सूल काढून माझ्यापुढं धरली. सगळ्या बाया बघत होत्या.

"घे. लई दिस झाले असतील ना?" तो हसला. "तुला तर आवडती."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खरं सांगते. अंगानं ती गोळी ओळखली. आणि त्याच वेळी, त्या दिवशी दवाखान्यात पडल्या पडल्या ऐकलेलं मालकाचं ते वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. हिला लवकर उभी कर.

मी उठले. सावकाश, हातावर भार देऊन.

"ही गोळी माझ्या दुखण्यासाठी कधीच नव्हती," मी म्हणलं. "तुमच्या हळदीसाठी व्हती. माझी कंबर मोडली ती टोपल्यानं. उरलीसुरली ह्या गोळीनं मोडली. मी खाणार न्हाई. आन् तुमी कुणाला देऊ पण नका. तुमी डॉक्टर न्हाई."

कुकराची वाफ सोडली होती, तिचा तेवढा आवाज.

"चल निघ," तो म्हणाला. "ह्या शिवारात तुला कोण काम देतं, बघतो."

त्यानं कॅप्सूल माझ्या पलीकडं बसलेल्या पोरीपुढं धरली. नवीन लग्न होऊन आलेली, खांदा चोळत बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मग मालकाकडं. मग गोळी तोंडात टाकली, तांब्या उचलला आणि टोपल्याकडं गेली. ती डोक्यावर टोपलं घेऊन चालताना मी पाहिली. ताठ चालत होती. तिला काही दुखत नव्हतं.

त्याची धमकी खरी झाली. मला गावात काम मिळत नाही. आम्ही दोन मेंढ्या विकल्या.

आता रोज सकाळी मजुरांचा टेम्पो फाट्यावर थांबतो तिथं मी जाते. बाया चढत असतात. मी त्यांना सांगते, ही गोळी काय करते, सोडताना अंगाचं काय होतं, ज्यांना लागली त्यांनी एकदम बंद न करता हिंगोलीला कुठं जायचं, कुणाला दाखवायचं. काहीजणी तोंड फिरवतात. मुकादम मला येडी म्हणतो. ती पोरगी अजून माझ्या नजरेला नजर देत नाही.

तिच्याबरोबर हिंगोलीला जायला मी कधीही तयार आहे, हे मी तिला सांगून ठेवलंय. उद्या पुन्हा सांगणार. मालक माणसं घालून मला तिथून हाकलंल, तर मी पुढच्या फाट्यावर जाऊन उभी राहणार. कंबर दुखतेय. दुखू दे. ती गप व्हावी म्हणून मी आता कुणाच्या हातचं काही खाणार नाही, आणि मी गप व्हावं म्हणून तर नाहीच नाही.